आधी कुणाला सुचलं

सायबर कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आल्हादने मेल उघडली आणि विद्यापीठाचं नाव वाचून त्याला वाटलं, निकालच आला. हात कीबोर्डवरून आपोआप मांडीवर आले. इतक्या लवकर कसा निकाल, अजून डिसेंबरही संपला नाही, असं स्वतःशी म्हणत त्याने पुन्हा वाचलं. विद्यापीठ तेच होतं, विभागही तोच, कॉम्प्युटर सायन्सचा. पण मेल त्याच्या अर्जाबद्दल नव्हती. उन्नती केसरीनाथ तरे या विद्यार्थिनीने एम.एस.च्या प्रवेशासाठी अर्ज करताना शिफारस करणारे म्हणून आपलं नाव दिलं आहे. तिच्या संशोधनातल्या सहभागाबद्दल, आणि विशेषतः स्वतंत्रपणे विचार करण्याच्या तिच्या कुवतीबद्दल, आपलं मत कळवावं. खाली एक निळी ओळ होती. तिच्यावर टिचकी मारली की पत्र लिहायची जागा उघडणार होती. आल्हादने टिचकी मारली नाही. पलीकडच्या खुर्चीवरचा माणूस रेल्वेचं तिकीट काढत होता आणि कॅफेवाल्याला मोठ्याने विचारत होता, "भाई, वेटिंग बता रहा है, लूँ क्या?" आल्हादला वाटलं, तो आपल्यालाच विचारतोय.

पत्र देतो असं त्यानेच तिला म्हटलं होतं. त्यात काही विशेष नव्हतं. तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता, ती त्याची विद्यार्थिनी होती, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट तिने त्याच्याच हाताखाली केलं होतं आणि त्यावरचा पेपर दोघांच्या नावाने नाशिकच्या एका परिषदेत वाचला गेला होता. आधी त्याचं नाव, मग तिचं. ती कुठे कुठे अर्ज करणार हे मात्र त्याने विचारलं नव्हतं, आणि आपण स्वतः या वर्षी पुन्हा अर्ज करतोय हे तिला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? सत्ताविसाव्या वर्षी, मास्तर झाल्यावर, विद्यार्थ्यांच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं, ही गोष्ट त्याने घराबाहेर कुणालाच सांगितली नव्हती. आता अमेरिकेतल्या त्या बर्फाळ गावातल्या कुठल्याशा टेबलावर त्याचा निबंध आणि तिच्यासाठी त्याने लिहिलेलं पत्र एकाच माणसाच्या हातात येणार होतं. निबंध गेल्याच आठवड्यात पाठवून झाला होता. त्यातलं एक वाक्य त्याला पाठ होतं, कारण ते त्याने सगळ्यात जास्त वेळा बदललं होतं: यंत्रमागाच्या आवाजातल्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं, तर धोटा उडण्याआधीच धोका ओळखता येईल, ही कल्पना मला सुचली. पहिल्यांदा त्याने 'आम्हाला सुचली' असं लिहिलं होतं. ते देवेशने बदलायला लावलं.

देवेश हा त्याचा कॉलेजमधला मित्र. अभ्यासात आल्हादच्या मागेच असायचा, त्याचीच जर्नल्स घेऊन उतरवून काढायचा. पण सुट्ट्यांमध्ये देवेश मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत कुणा शास्त्रज्ञाच्या हाताखाली फुकट राबायला जायचा. आल्हादला तेव्हा हसू यायचं. मग दोघांनी एकाच वर्षी अमेरिकेत अर्ज केले. देवेश गेला, आल्हादला एकामागून एक नकार आले. फोनवर देवेशने सांगितलं होतं, अगदी साधेपणाने, जेवलास का विचारावं तसं, "अरे, इथे मार्क सगळ्यांनाच असतात. मार्क बघून पोरगं अभ्यासू आहे एवढंच कळतं. कुणी न विचारलेला प्रश्न याला कधी पडला का, ते बघतात. तुझ्याकडे रिसर्च कुठाय?" ते 'कुठाय' आल्हादच्या अंगात रुतून बसलं. संशोधन जिथे भेटेल अशा आशेने तो कॉलेजात मास्तर झाला, आणि तिथे कपाटं कुलपात होती, उपकरणं प्लॅस्टिकच्या कव्हरखाली होती. दर वर्षी तीच प्रोजेक्टं काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत बांधून येत: लायब्ररीचा हिशेब, बसचं आरक्षण. तीन वर्षं अशी गेली आणि मग उन्नती आली. आणि यंदाचा निबंध वाचून देवेशने उलट मेल केली होती: 'आम्ही म्हणजे कोण? ॲडमिशन कमिटीला तू हवा आहेस. "मी" लिही.' एक शब्द बदलायचा होता. आल्हादने तो बदलला तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं, आणि काहीच वाटलं नव्हतं हे आता रस्त्याने घरी येताना त्याला सारखं आठवत होतं.

बाजारपेठेतून येताना दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांमधून मागांचा खडखडाट येत होता. या गावात जन्मलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. आल्हादलाही येत नसे. प्रोजेक्टच्या वर्षात तो ऐकायला शिकला होता आणि आता विसरता येत नव्हता. आडवं सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा एका बाजूच्या पेटीतून मारला जातो, तो एक ठोका. ताण्यातून, म्हणजे उभ्या सुतांमधून, सरकत समोरच्या पेटीत आदळतो, तो दुसरा. धोटा उशिरा पोचायला लागला की मधलं अंतर केसभर वाढतं, आणि वाढता वाढता एकदा तो पेटीत न जाता बाहेर उडतो, माणसाच्या तोंडावर, छातीवर, कुठेही. इतकं साधं होतं ते. इतकं साधं की दोघांपैकी कुणालाही सुचलं असतं. आल्हाद या वाक्यापाशी थांबला. कुणालाही सुचलं असतं हे खरं. पण सुचलं कुणाला?

घरी आईने, अनसूयाबाईंनी, दार उघडताच सांगितलं, "आज परत त्या तुझ्या उन्नतीचा फोन होता. सर आहेत का म्हणाली. काम काय ते सांगितलं नाही." आल्हाद चपला काढता काढता थांबला. "परत म्हणजे?" "अरे, परवा पण केला होता. मी सांगायला विसरले." आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, विद्यार्थ्याचा निरोप विसरणं म्हणजे तिला गुन्हा वाटे, म्हणून ती ओशाळून आत गेली. आल्हाद मात्र तिथेच उभा राहिला. तिला कळलंय. कुठून तरी कळलंय की आपणही अर्ज केलाय. देवेशने तिला सांगितलं असेल? देवेशची आणि तिची ओळखच नव्हती. मग दोनदा फोन कशाला? पत्रासाठीच असेल. पत्रासाठी पोरं फोन करतातच. पण 'काम काय ते सांगितलं नाही' हे आईचे शब्द त्याला जेवतानाही घासागणिक ऐकू येत राहिले, आणि वडील म्हणाले, आमटी खारट झालीय का रे, तर त्याला आमटीची चव सांगता येईना.

मग तो दिवस आठवणं सुरू झालं. टेमघरला उन्नतीच्या वडिलांच्या कारखान्यात तो पहिल्यांदा गेला तो दिवस. त्याच्या डोक्यात तेव्हा कॅमेरा होता. कापडाचे फोटो काढायचे आणि त्यातले दोष कॉम्प्युटरने ओळखायचे. उन्नती पुढे, तो मागे, असे ते आत शिरले आणि आवाजाने त्याला जवळजवळ मागे ढकललं. तो आवाज कानांनी नव्हे, दातांनी ऐकू येत होता. एक कारागीर हाताने खूण करत होता, "साहब, पीछे, पीछे!" उन्नती एका मागापाशी थांबली, तिने लाकडावर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग त्याच्याकडे वळून, टाचा उंचावून, त्याच्या कानाशी काहीतरी ओरडली. लांबलचक काहीतरी, एक पूर्ण वाक्य, कदाचित दोन. त्याला एक अक्षर कळलं नाही. पण त्या जागी माणूस जशी मान हलवतो तशी त्याने हलवली. थोड्या वेळाने तोच माग अडला, धोटा अर्धवट ताण्यात अडकला. ते बाहेर आले. चहा आला. कान अजून गुणगुणत होते. खिशातलं पेन काढून त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, "हे बघ, इथून मारला, इथे पोचला. मधलं अंतर मोजलं तर?" आणि उन्नती एकदम म्हणाली, "हो सर!" तिचे डोळे चमकले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. ही हकिकत त्याने स्टाफरूममध्ये सांगितली होती, देवेशला सांगितली होती, परिषदेत हसत हसत सांगितली होती. प्रत्येक वेळी सुरुवात वर्तमानपत्राच्या कडेपासून. कारखान्यातलं ते ओरडणं त्याने कधी मुद्दाम गाळलं नव्हतं; ते आपोआप गळत गेलं होतं. आता ते परत आलं होतं, आणि त्याला तिचे ओठ दिसत होते, हलणारे, पण आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात लिंक्ड लिस्ट शिकवताना त्याने फळ्यावर एक बाण काढला आणि तो कुठे न्यायचा तेच विसरला. मुलं वाट बघत राहिली. त्याला वाटलं, त्या दिवशी आपल्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की ऐकू आलं होतं आणि कळायला चहापर्यंतचा वेळ लागला? कानात पडलेली गोष्ट डोक्यात पोचेपर्यंत आपलीच होऊन जात असेल का?

त्या आठवड्यात त्याने पत्राचा एक मसुदा लिहिला. लिहायला फार वेळ लागला नाही, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. उन्नती अत्यंत मेहनती आहे, प्रामाणिक आहे, दिलेलं काम वेळेवर पूर्ण करते, सूचना काटेकोरपणे पाळते. वाचून बघितल्यावर त्याचं बोट 'मेहनती'पाशी थांबलं. देवेशनेच त्याला सांगितलं होतं की 'मेहनती' हा शब्द तिथे कसा वाचतात: सांगितलं तेवढं करते, स्वतःचं डोकं नाही. म्हणजे एकही खोटा शब्द न लिहिता तिचा दरवाजा लावून घेता येत होता. कुणाला कळलंही नसतं. ती रडली असती, पुढच्या वर्षी त्याच्याकडेच सल्ला विचारायला आली असती, आणि त्याने तिला सांगितलं असतं की अगं, इथे मार्क कोण बघतो. आल्हादने कागद फाडला नाही. घडी करून बॅगेत ठेवला आणि शुक्रवारची वाट बघू लागला, कारण शुक्रवारी माग बंद असतात आणि टेमघरला बोललेलं ऐकू येतं.

केसरीनाथ तरे ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. घर नवं होतं, लादीला अजून पॉलिशचा वास होता. मागे कारखाना गप्प पडून होता. "या या मास्तर! अवं, फोन करून यायचा ना, गाडी पाठवली आसती," ते उठून म्हणाले आणि आत बघून ओरडले, "पारबते, चा टाक! उन्नतीचं सर आलं!" आल्हादने जवळून जात होतो, म्हणून डोकावलो असं काहीतरी पुटपुटलं. कोपऱ्यात एक माणूस सुपारी कातरत बसला होता. त्याचा डावा डोळा पांढरा, मेलेला. "यो हिरामन, माजा भाव," केसरीनाथ म्हणाले. "याला धोटा लागला ना, तवा आमची उन्नती चौथीत आसंल. तवापासून तिचा येक खूळच हाय. शाळतून आली का कारखान्यात जायची, डोलं मिटून मागाला हात लावून उभी. आनि बोलायची, बाबा, यो माग लेट मारतोय. आमी हसायचो. पन वाईच येलानं बगावं त धोटा भाईर! काय रं हिरामन?" हिरामणने मान हलवली. "खरा हाय. मना बोलली व्हती, काका, दोन आवाज लांब लांब जातान, तवा सरून बस." केसरीनाथ हसले. "आता तेच कंप्युटरला शिकवलान तुमी. तुमच्या हाताचा गुन. तुमी आलता त्या दिशी पन ती बोलली असंलच तुमाला?"

"आवाजात नीट ऐकू नाही आलं," आल्हाद म्हणाला.

"थय कोनाला आयकू येतंय!" केसरीनाथ खदखदून हसले, आणि आल्हादही हसला, कारण न हसणं विचित्र दिसलं असतं. म्हणजे चौथीत. तो नववी-दहावीचं गणित घोकत होता, ब्राह्मण आळीतल्या घराच्या काळोख्या खोलीत, तेव्हा ही परकर-पोलक्यातली पोर मागाला हात लावून उभी होती आणि तिला प्रश्न पडला होता. कुणी न विचारलेला.

उन्नती चहा घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, वडील आणि काका कारखान्याकडे काही बघायला गेले तशी ती जरा बिचकत समोर बसली आणि तिने आपल्या अर्जातल्या निबंधाची छापील प्रत पुढे केली. "सर, मी फोन केला होता. हे एकदा दाखवायचं होतं." आल्हादने वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजण्याची मूळ कल्पना माझ्या मार्गदर्शकांची; त्यांच्या सूचनांनुसार मी ती प्रत्यक्षात आणली. त्याने ते दोनदा वाचलं. इंग्रजी नीटनेटकं होतं, एकही चूक नव्हती.

"हे असं का लिहिलंस?"

ती ट्रेकडे बघत होती. "तसंच झालं ना सर? तुम्हीच तर पेपरवर काढून दाखवलंत."

"त्याच्या आधी. कारखान्यात. तू माझ्या कानाशी काहीतरी ओरडून सांगितलं होतंस. काय सांगितलं होतंस?"

"आठवत नाही सर," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. मग कपाची दिशा उगाच बदलून म्हणाली, "चहा निवेल."

"हे बदलता येईल?"

"नाही सर, कालच पाठवला. तुम्हाला आधी दाखवायचा होता, पण फोनवर तुम्ही भेटलाच नाहीत." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "काही चुकलं का सर?"

शेअर रिक्षात तीन माणसांमध्ये दाटीवाटीने बसून परत येताना आल्हाद हिशेब करत होता. त्याच्या निबंधात त्याची कल्पना. तिच्या निबंधात त्याची कल्पना. पेपरवर आधी त्याचं नाव. आता फक्त तेवढंच एक पत्र, त्यातही तेच लिहिलं की सगळं जुळलं. त्याला कुणीही कधीही पकडू शकणार नव्हतं. गेले कितीतरी दिवस याच एका भीतीने त्याला झोप नव्हती, आणि ती भीती आता संपायला हवी होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर सुताच्या कोनांची पिशवी होती, ती प्रत्येक खड्ड्यात आल्हादच्या बरगडीला लागत होती. पकडला जाईन म्हणून जो घाबरतो त्याला निदान कुणीतरी बाहेरचा माणूस दिसत असतो, प्रश्न विचारणारा. आल्हादला आता कुणीच दिसत नव्हतं. देवेश विचारणार नव्हता, कमिटी विचारणार नव्हती, आणि उन्नती तर ट्रेकडे बघत बसली होती. उद्या तो अमेरिकेत जाईल, कुणीतरी म्हणेल, सांग ना, ते कसं सुचलं तुला, आणि तो वर्तमानपत्राच्या कडेपासून सुरुवात करील. म्हातारा होईपर्यंत करील. हळूहळू ते खरंही होऊन जाईल. या शेवटच्या विचाराची त्याला इतकी भीती वाटली की नाक्याच्या अलीकडेच त्याने रिक्षा थांबवायला सांगितली आणि उरलेला रस्ता पायी चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लोडशेडिंग संपल्या संपल्या, तो कॅफेत गेला. बॅगेतला मसुदा त्याने बाहेर काढला नाही. निळ्या ओळीवर टिचकी मारली आणि सरळ लिहीत गेला. कल्पना तिची आहे. ती तिला शाळेत असताना सुचली, कारण तिच्या काकांचा डोळा गेला. तिने ती मला सांगितली तेव्हा आवाजामुळे मला ऐकू आली नाही, किंवा आली. नंतर मी ती कागदावर काढली आणि माझी म्हणून सांगत राहिलो. तिने आपल्या निबंधात वेगळं लिहिलं आहे, ते माझ्याबद्दलच्या आदरापोटी. मी शिकवलेल्यांपैकी स्वतःचा प्रश्न घेऊन आलेली ही एकटीच. मग त्याने दुसरी, छोटी मेल लिहिली, विभागाला: माझ्या अर्जातल्या निबंधात एक वाक्य खरं नाही. कुठलं ते लिहिलं. खाली आपला अर्ज क्रमांक घातला. मेल जाईपर्यंत पडद्यावर एक छोटी पट्टी सरकत राहिली, अडली, पुन्हा सरकली, आणि आल्हादच्या मनात आलं, वीज गेली तर बरं. वीज गेली नाही.

त्यानंतरचे महिने त्याने कसे काढले ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. उलट नवीच भीती सुरू झाली, आणि ती आधीच्यापेक्षा पसरट होती. आपण तिचं भलं केलं की वाटोळं? तिचा निबंध एक म्हणतो, त्याचं पत्र दुसरंच. ते लोक म्हणतील, दोघंही बनवाबनवी करताहेत, दोन्ही फायली बाजूला टाका. खरेपणाची एवढी हौस होती तर आधी तिला विचारायचं होतंस, असं तो स्वतःला म्हणे. तिला न सांगता तिच्या अर्जात हात घातलास; हेही तुझ्याच सुटकेसाठी. विभागाकडून एकच ओळ आली, आपलं पत्र आपल्या फायलीत ठेवलं आहे. त्या ओळीला ना राग होता ना कौतुक. आई विचारी, "काही कळलं का रे?" तो म्हणे, "वेळ लागतो." उन्नतीचा फोन आला नाही. येऊ नये असं त्याला वाटे, आणि आला नाही की का आला नाही या विचाराने तो खिडकीशी जाऊन उभा राही. एकदा बाजारात केसरीनाथांची जीप दिसली तर तो चक्क भांड्यांच्या दुकानात शिरला आणि गरज नसलेला तांब्या हातात घेऊन उभा राहिला.

मार्चच्या शेवटी तिचा फोन आला. म्हणाली, "सर, झालं. तिथलंच. आणि एक प्रोफेसर आहेत, मशिनच्या आवाजांवरच काम करतात, ते म्हणाले, माझ्याच लॅबमध्ये ये." आल्हाद म्हणाला, "छान. फार छान झालं." आवाज नीट आला. फोन ठेवून तो पलंगाच्या कडेवर बसला, आणि त्याला खरोखर आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खालीच, अगदी चिकटून, दुसरं काहीतरी होतं. त्याच्या अर्जाला नकार त्याच आठवड्यात आला. मग इतर ठिकाणचेही. त्या एका वाक्यामुळे आला की तसाही आलाच असता, हे कळायला मार्ग नव्हता, आणि कळणार नव्हतं. वडील म्हणाले, "नशीब." आई म्हणाली, "पुढच्या वर्षी परत बघ." आल्हाद म्हणाला, "बघू," आणि पेपर तपासायला बसला.

मे महिन्यात उन्नतीच्या आईने वज्रेश्वरीचा नवस फेडला. आल्हादला बोलावणं होतं, आणि नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. केसरीनाथ स्वतः जीप घेऊन दारात आले होते. देवळात ओटी भरून झाल्यावर सगळे अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर आले. झाडाखाली सतरंज्या पसरल्या होत्या, भाकऱ्यांच्या टोपल्या निघत होत्या. केसरीनाथ प्रत्येक पाहुण्याला आल्हादपाशी घेऊन येत. "यो उन्नतीचा मास्तर. याच्याच डोक्यातून निंगाला ह्यो सगला." आल्हाद म्हणाला, "नाही काका, कल्पना तिचीच. मी फक्त कागदावर उतरवली." "बगा!" केसरीनाथ पाहुण्याकडे वळून म्हणाले. "मोटी मानसा अशीच आसतान." आल्हादने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, "खरंच सांगतो, तिला ते चौथीतच—" पण एका म्हातारीने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्याला रडू येईल असं वाटलं. तो कुंडाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला, पॅन्ट दुमडून पाय पाण्यात सोडले. पाणी पोळत होतं. गंधकाचा वास येत होता.

थोड्या वेळाने उन्नती येऊन वरच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"त्या प्रोफेसरांनी मला आधी फोन केला होता, ॲडमिशनच्या आधी. म्हणाले, तुझ्या निबंधात एक आहे आणि तुझ्या सरांच्या पत्रात दुसरंच. खरं काय?"

आल्हाद पाण्याकडे बघत राहिला. म्हणजे तिला माहीत होतं, तेव्हापासून. "मग? काय सांगितलंस?"

"आधी गप्पच बसले. आयएसडी होता, ते नुसते हॅलो हॅलो करत होते. मग खरं काय ते सांगितलं. हिरामण काकांचं, सगळंच. त्या दिवशी कारखान्यात तुम्हाला ओरडून सांगितलं होतं तेही सांगितलं." ती थांबली. "मला आठवत होतं सर. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"हं."

"मग त्यांनी विचारलं, तुझी कल्पना होती तर निबंधात सरांची म्हणून का लिहिलीस? मी म्हटलं, मला सरांचं पत्र हवं होतं." ती आता भरभर बोलत होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "आमच्या घरात अर्ज कसा करतात तेसुद्धा कुणाला माहीत नाही. माझ्याकडे तुम्ही एकटेच होतात. परिषदेत तुम्ही ती गोष्ट सांगितलीत ना, पेपरच्या कडेची, तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, माझी म्हणून लिहिली आणि तुम्हाला कळलं, तर तुम्ही पत्र देणारच नाही. किंवा द्याल आणि त्यात... काय लिहाल ते मला कुठे दिसणार होतं? मी किती दिवस नुसती घाबरलेली होते सर. सारखा फोन करायचे आणि तुम्ही घरी नाही म्हटलं की बरं वाटायचं."

आल्हादला त्या सगळ्या महिन्यांत, त्या सगळ्या अंथरुणात कूस बदलण्यात, हे एकदाही सुचलं नव्हतं की दुसऱ्या टोकाला कुणी आपल्याला घाबरून असेल. तो स्वतःला पकडला जाणारा माणूस समजत आला होता. 'छे गं, मी कशाला असं करीन,' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. कुठल्याही मास्तराच्या जिभेवर तयार असतं ते. त्याने ते गिळलं.

"तुला वाटलं ते बरोबर होतं," तो म्हणाला. "मी तसं लिहिलंही होतं आधी. पाठवलं नाही इतकंच."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. नाही हो सर, तुम्ही तसे नाही, असं ती म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिने ओढणीचं टोक बोटावरून सोडलं, सुरकुत्या हाताने सरळ केल्या. वर झाडाखालून तिच्या आईने हाक मारली, "उन्नती, सरांना घेऊन ये गो, पाना वाढली!"

"आले," उन्नती ओरडली आणि उठली. दोन पायऱ्या चढून ती वळली. "येताय ना सर?"

"तू हो पुढे," आल्हाद म्हणाला.

ती गेली. आता पाय बाहेर काढावेत असं त्याला वाटत होतं, पोटऱ्यांपर्यंत कातडी लाल झाली होती. वरून कुणीतरी "मास्तर, मास्तर" म्हणून बोलावत होतं, अगदी प्रेमाने. तो उठला, पॅन्ट खाली केली आणि ओल्या पायांनीच त्यांच्याकडे चालू लागला.